तुला कुणी विचारले होते?

गेल्या हिवाळ्यात आमच्या आळीतील चौदा वर्षांखालील मुलांना मी महिनाभर खो-खो शिकवीत होतो. तालुक्याच्या सामन्यात आमचा एक गडी पळता पळता थांबला आणि पंचांना म्हणाला, "सर, हात लागला." पंचांनी ते पाहिलेच नव्हते. गडी बाद झाला, आम्ही एका गुणाने हरलो. बाहेर येताच मी ओरडलो, "शहाण्या, तुला कुणी विचारले होते?" पोरगा गप्प राहिला. त्याच्या वडिलांनी माझीच री ओढली, आणि तेच मला जास्त लागले.

घरी आल्यावर आठवला तो फेब्रुवारी १९८० मधला वानखेडेवरचा कसोटी सामना. भारताच्या २४२ धावांपुढे इंग्लंडचे ५ गडी ५८ धावांत परतले होते. कपिल देवच्या गोलंदाजीवर बॉब टेलरला पंचांनी झेलबाद ठरविले. चेंडू बॅटला लागलाच नाही, अशी कर्णधार विश्वनाथची खात्री होती. त्याने पंचांना निर्णय मागे घ्यायला लावून टेलरला परत बोलावले. टेलर व बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि भारत १० गड्यांनी हरला. हा भलेपणा महागात पडला, असा हिशेब अजून मांडला जातो. बोथमचे शतक, त्याचे १३ बळी आणि दुसऱ्या डावातल्या आपल्या १४९ धावा त्या हिशेबात फारशा येत नाहीत!

पुढच्याच वर्षी, १ फेब्रुवारी १९८१ रोजी, मेलबर्नला उलटे घडले. शेवटच्या चेंडूवर न्यूझीलंडला बरोबरीसाठी षटकार हवा होता. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेल याने धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू जमिनीवरून सरपटत टाकायला सांगितले. तेव्हाच्या नियमात ते बसत होते. सामना जिंकला, पण पुढे तसली गोलंदाजी बंद करावी लागली. मला खटकते ते एवढेच, की सांगणारा थोरला भाऊ होता. धाकट्याने नाही कसे म्हणावे?

आमच्या मुलांचे थोरले भाऊ आम्हीच. पालकांना नुसता दोष देऊन भागणार नाही. वरच्या पातळीवर खेळले तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा. त्या बापाला एका गुणामागे पोराची उभी नोकरी दिसत असेल, तर त्याला हसण्याचा अधिकार मला नाही. स्नेहसंमेलनात खिलाडूवृत्तीवर भाषणे होतात. मुले ती ऐकतात, पण सामना हरल्यावर आपला चेहरा कसा होतो, तेच त्यांच्या लक्षात राहते.

दुसऱ्या दिवशी तो सरावाला आला. बराच वेळ घुटमळून त्याने विचारले, "दादा, पुढच्या वेळी सांगू की नको?"

त्याचे वडील कुंपणापाशी उभे होते. मी "सांग" म्हणालो. पण आवाज, खरे सांगायचे तर, जरा खालीच होता.