विमान उडण्याआधी

६ मे २०२१ रोजी नागपूरहून उडताना एका एअर अ‍ॅम्ब्युलन्सचं चाक निखळलं. बीचक्राफ्ट किंग एअर सी-९० जातीचं विमान. आत रुग्ण, डॉक्टर आणि नातेवाइकासह पाच जण. कॅप्टन केसरी सिंह यांनी ते मुंबईला नेलं, फेस पसरलेल्या धावपट्टीवर पोटावर टेकवलं आणि पाचही जण वाचले. नागपूर-मुंबई सरळ रेषा ओढली, तर ती बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरच्या आसपास जाते. याच जिल्ह्यातल्या रुग्णाला मात्र विमानापर्यंत पोहोचायला आधी रस्ता धरावा लागतो.

बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ साधारण दीडशे किलोमीटर. रुग्ण आयसीयूतून स्ट्रेचरवर, तिथून अ‍ॅम्ब्युलन्समध्ये, पुढे विमानात जातो. उतरल्यावर हेच पुन्हा उलट. प्रत्येक उचलाउचलीत नळी निसटू शकते, सलाईन अडकू शकतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला मिनिटाला दहा लिटर ऑक्सिजन लागत असेल, तर दीड हजार लिटरचा बी-टाईप सिलिंडर अडीच तासांत संपतो. म्हणजे कदाचित चिकलठाणा येण्याआधीच. हा हिशेब निघण्यापूर्वी कागदावर मांडलेला असावा, आणि त्यात वाहतूक कोंडीचा, विमानाला उशीर होण्याचा वेळही धरलेला असावा.

सी-९०ची केबिन जेमतेम १.३७ मीटर रुंद आणि १.४५ मीटर उंच. डॉक्टरला ताठ उभं राहता येत नाही. एका बाजूच्या खुर्च्या काढून स्ट्रेचर बसवतात. मॉनिटर, पंप, सिलिंडर, सगळं घट्ट जखडलेलं हवं, कारण हादऱ्यात सुटलेलं यंत्र रुग्णाच्याच अंगावर येतं. वर गेल्यावर केबिनमधला हवेचा दाबही कमी होतो. राजूर घाट चढून बुलढाण्याला येताना वेफर्सचं बंद पाकीट किंचित फुगतं, तसंच शरीरात अडकलेल्या हवेचं होतं. केबिनमधला दाब आठ हजार फुटांवरच्या इतका असेल, तर ती साधारण एक-तृतीयांशानं पसरते. फुप्फुसाभोवती हवा साठलेल्या रुग्णाच्या छातीत नळी आधीच घालावी लागते ती यासाठी. श्वासनलिकेतल्या नळीच्या फुग्याचा दाबही उड्डाणात तपासत राहावा लागतो. ही तयारी बुलढाण्यातल्या रुग्णालयातच व्हायला हवी. माझ्या मते इथला फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ या उड्डाणाचे पहिले सुरक्षा अधिकारी आहेत, आणि त्यांना त्याचं प्रशिक्षण मिळायलाच हवं.

१ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटली आणि २५ जण गेले. अशा अपघातानंतर हेलिकॉप्टरची मागणी होते, ती रास्तच आहे. पण रात्रीच्या अंधारात, तारा आणि खांब न दिसणाऱ्या जागी हेलिकॉप्टर उतरवणं म्हणजे नव्या अपघाताला बोलावणं. उजेड असलेली, आधी पाहून ठेवलेली जागा नसेल, तर १०८ची गाडी आणि जवळचं सुसज्ज ट्रॉमा केंद्र हेच जास्त जीव वाचवतील.

असा धोका विमानालाही असतो. २५ मे २०११ च्या रात्री पाटण्याहून दिल्लीला रुग्ण नेणारं पिलाटस पीसी-१२ फरिदाबादमध्ये घरांवर कोसळलं. विमानातले सात आणि जमिनीवरचे तीन जण मेले. हवा खराब होती.

म्हणूनच परदेशातल्या चांगल्या हवाई रुग्णसेवांची एक पद्धत मला फार मोलाची वाटते. उड्डाणाचा निर्णय होईपर्यंत वैमानिकाला रुग्ण कोण, किती वर्षांचा, किती गंभीर, हे सांगतच नाहीत. कुठून कुठे जायचं, वजन किती आणि हवामान कसं, एवढंच त्याच्यापुढे ठेवतात. तान्हं बाळ आहे म्हटल्यावर ढगात शिरायचा मोह कुणालाही होईल. शिवाय पथकातल्या एकानं जरी नकार दिला, तरी विमान जागचं हलत नाही.

आपल्याकडे सारं घर वैमानिकाच्या तोंडाकडे बघत असतं. दलालाशी फोनवर दर ठरवण्याआधी नातेवाइकांनी विचारावं: विमान वाहतूक नियामक डीजीसीएचा परवाना कुणाच्या नावावर आहे? सोबत येणाऱ्या डॉक्टरला उड्डाणाचा अनुभव आहे का? आणि वैमानिकानं नाही म्हटलं, तर आज रात्री रुग्णाला सांभाळणारा आयसीयू कुठला?