'स्टोन' आहे, पण कुठला?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. वर्धा शहराला लागूनच असलेल्या नालवाडीहून एक गृहस्थ पत्नीला घेऊन ओपीडीत आले. बाई चाळिशीच्या. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात ताप, पोटावर हात दाबून कशाबशा बसलेल्या. मी काही विचारण्याआधीच गृहस्थांनी निदान सांगून टाकले.

"डॉक्टरसाहेब, हिले इस्टोन झाला जी. तीन महिन्यांपासून पानफुटीचा रस देऊन राह्यलो, कुळथाचं पाणी देऊन राह्यलो. पण पडूनच नाही राह्यला."

"कोणी सांगितलं पानफुटी द्यायला?"

"शेजारच्या भाऊचा पडला ना आठ दिवसांत! त्यालेही इस्टोनच होता."

प्लास्टिकच्या पिशवीत तीन महिन्यांपूर्वीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट घडी करून ठेवलेला होता. इंग्रजीत स्पष्ट लिहिले होते, की पित्ताशयात अनेक खडे आहेत. मूत्रपिंडे दोन्ही निरोगी. म्हणजे शेजाऱ्याचा खडा मूत्रमार्गातला आणि बाईंचा पित्ताशयातला. दोघांच्या आजारांत साम्य एकच होते, ते म्हणजे नाव. त्या नावाच्या भरवशावर तीन महिने गेले आणि तोवर एक खडा पित्ताशयातून सरकून पित्तनलिकेत अडकला.

एक शब्द, अनेक आजार

'स्टोन' या इंग्रजी शब्दाला त्याच्या मूळ भाषेतही अनेक अर्थ आहेत. रस्त्यावरचा दगड म्हणजे स्टोन, अंगठीतला खडा म्हणजे स्टोन, आंब्याची कोय किंवा बोराची आठळीही स्टोनच. ब्रिटनमध्ये तर ते वजनाचे माप आहे. एक स्टोन म्हणजे १४ पौंड, साधारण ६.३५ किलो. परदेशी असलेला मुलगा फोनवर "माझं वजन १२ स्टोन झालं" म्हणाला, तर घाबरू नका. त्याच्या पोटात बारा खडे नाहीत, त्याचे वजन ७६ किलो आहे.

दवाखान्यात मात्र या शब्दाची गंमत राहत नाही. आपल्या बोलण्यातला जुना 'मुतखडा' हा शब्द ऐकायला ओबडधोबड वाटतो, पण तो खडा कुठे आहे हे त्यातच सांगून टाकतो. 'स्टोन' हा शब्द सभ्य वाटतो, म्हणून आपण तो स्वीकारला आणि 'कुठे' हा महत्त्वाचा भाग गमावला. रिपोर्टात दिसणारा 'कॅल्क्युलस' हा शब्दही मदत करत नाही. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ नुसता बारीक खडा. रोमन लोक हिशेबासाठी खडे वापरत, म्हणून गणिताच्या एका शाखेलाही तेच नाव मिळाले.

मुतखडा : पडला तर सुटका

मूत्रपिंड रक्त गाळून लघवी तयार करते. लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक ॲसिड असे क्षार विरघळलेले असतात. पाणी कमी पडले की ते विरघळलेले राहत नाहीत, त्यांचे कण जमतात आणि खडा तयार होतो. मूत्रपिंडातले बहुतेक खडे कॅल्शियमचे, त्यातही मुख्यतः कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. विदर्भातला उन्हाळा, दिवसभर शेतात किंवा बांधकामावर गाळलेला घाम आणि सोबत नेलेली एकच पाण्याची बाटली; खडा तयार व्हायला एवढे पुरेसे आहे.

मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी नळी सुमारे २५ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असते. खडा या नळीत उतरला की कंबरेच्या एका बाजूला असह्य कळ सुरू होते आणि ती जांघेकडे उतरते. माणूस एका जागी बसू शकत नाही. उलट्या होतात, लघवी लालसर होते.

पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप पडतात. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण गावोगावच्या 'स्टोनच्या रामबाण औषधां'ची पुण्याई यातच आहे. पडणारच असलेला खडा पडतो आणि श्रेय त्या दिवशी घेतलेल्या रसाला, काढ्याला, काही वेळा तर बिअरलाही मिळते. एक सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा मात्र सहसा आपोआप पडत नाही. त्यासाठी बाहेरून ध्वनिलहरींच्या धक्क्यांनी खडा फोडणे, लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालणे किंवा पाठीतून छोटे छिद्र करून खडा काढणे असे उपाय आहेत. बाहेरून खडा फोडण्याचे तंत्र १९८० साली जर्मनीतल्या म्युनिक शहरात पहिल्यांदा माणसावर वापरले गेले. त्याआधी शतकानुशतके चिरफाड हाच मुख्य मार्ग होता. सुश्रुतसंहितेत मूत्राशयातला खडा शस्त्रक्रियेने काढण्याचे सविस्तर वर्णन आहे आणि त्यातल्या धोक्यांचाही इशारा आहे.

पित्ताचा खडा : सरकला तर संकट

पित्ताशय ही यकृताखाली असलेली छोटी पिशवी. यकृतात तयार झालेले पित्त तिच्यात साठते, घट्ट होते आणि तेलकट जेवण झाले की पिशवी आकुंचन पावून ते आतड्यात सोडते. पित्तातले कोलेस्टेरॉल किंवा रक्तातून येणारे पिवळे रंगद्रव्य प्रमाणाबाहेर झाले की तिथे खडे तयार होतात. स्त्रियांमध्ये, चाळिशीनंतर, वजन जास्त असेल तर, गरोदरपणात, तसेच झपाट्याने वजन उतरवल्यावर हे खडे होण्याचा संभव वाढतो.

आता प्रश्न असा, की भरपूर पाणी प्यायल्याने हे खडे का पडत नाहीत? आपण प्यायलेले पाणी रक्तात जाते आणि मूत्रपिंडातून लघवीवाटे बाहेर पडते. त्या वाटेवर पित्ताशय लागतच नाही. त्यामुळे पाणी, कुळथाचा काढा, शहाळे, पानफुटी यांपैकी काहीही पित्ताशयाला 'धुऊन' काढू शकत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मुतखडा खाली सरकला तर तो बाहेर पडण्याच्या वाटेवर असतो. पित्ताचा खडा सरकला तर तो पित्तनलिकेत अडकतो. पित्त तुंबते, कावीळ होते, जंतुसंसर्ग होतो. या नलिकेचे तोंड स्वादुपिंडाच्या नलिकेजवळच उघडते, म्हणून तिथे अडकलेल्या खड्यामुळे स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते. मुतखड्याचा रुग्ण ज्या 'पडण्या'ची वाट पाहतो, तेच पित्ताच्या खड्याच्या रुग्णाला सर्वांत धोक्याचे असते.

याचा अर्थ पित्ताशयात खडा दिसला की लगेच ऑपरेशन, असाही नाही. पुष्कळांना हे खडे योगायोगाने सापडतात आणि त्यांचा आयुष्यभर त्रास होत नाही. त्यांनी घाई करण्याचे सहसा कारण नसते. पण जेवणानंतर उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखून कळ पाठीत किंवा उजव्या खांद्यात जात असेल आणि असे पुन्हा पुन्हा होत असेल, तर दुर्बिणीतून पित्ताशय काढणे हाच खात्रीचा उपाय आहे. "नुसते खडे काढा, पिशवी राहू द्या," असे अनेक जण म्हणतात. पिशवी ठेवली तर खडे पुन्हा होतात. पित्त यकृतात तयार होते, पिशवीत नाही. त्यामुळे पिशवीशिवाय माणूस नीट जगतो, जेवतो, काम करतो.

तरुण मुलाला पित्ताचे खडे?

विदर्भात एक प्रश्न आवर्जून विचारायला हवा. शाळकरी मुलाच्या किंवा विशी-पंचविशीतल्या तरुणाच्या पित्ताशयात खडे दिसले, तर सिकलसेलची तपासणी झाली आहे का? या आनुवंशिक आजारात लाल रक्तपेशी लवकर फुटतात, त्यातून पिवळे रंगद्रव्य मोठ्या प्रमाणात बाहेर पडते आणि त्याचे खडे बनतात. अशा रुग्णाच्या शस्त्रक्रियेचा निर्णय आणि तिची तयारी वेगळी असते. रक्ताची ही तपासणी सरकारी रुग्णालयांत होते आणि देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाचे अभियान जुलै २०२३ पासून सुरू आहे. खडा हे इथे नुसते चिन्ह असते, मूळ आजार रक्तात असतो.

आणखी काही 'स्टोन'

जेवायला बसले की जबड्याखाली गाठ येते, दुखते आणि तासाभरात उतरते, अशी तक्रार असेल तर लाळग्रंथीच्या नळीत खडा असू शकतो. टॉन्सिलच्या खाचांमध्ये अडकणारे पांढरे, दुर्गंधी येणारे कण हेही खडेच, पण ते बहुधा निरुपद्रवी असतात.

आणि एक 'स्टोन' शरीराबाहेरचा. खोकल्याने बेजार झालेल्या एका कामगाराला मी विचारले, "काम काय करता?" तो म्हणाला, "स्टोनवर आहे साहेब." म्हणजे स्टोन क्रशरवर. दगड फोडताना उडणारी सिलिकाची सूक्ष्म धूळ वर्षानुवर्षे श्वासातून जात राहिली की फुप्फुसे कडक होतात. याला सिलिकोसिस म्हणतात. वालुकाश्म, ग्रॅनाइट, गारगोटी अशा दगडांच्या धुळीत हा धोका अधिक असतो. झालेले नुकसान भरून येत नाही आणि क्षयरोगाचा धोकाही वाढतो. म्हणून दगडाचे काम करणाऱ्याने जुना खोकला असेल तर आपला व्यवसाय डॉक्टरांना न विचारताही सांगावा. दगडावर पाणी मारून धूळ बसवणे आणि योग्य मास्क वापरणे हाच बचाव आहे.

हे प्रश्न विचारा

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की "स्टोन आहे" एवढ्यावर उठू नका. खडा कुठे आहे, किती मिलिमीटरचा आहे, कुठे अडथळा करतो आहे का आणि माझा त्रास त्याच्यामुळेच आहे का, हे विचारा. शेवटचा प्रश्नही तितकाच गरजेचा, कारण पोटदुखीचे कारण जठरात किंवा कंबरेच्या स्नायूत असते आणि दोष मूत्रपिंडातल्या तीन मिलिमीटरच्या कणाला दिला जातो.

मुतखडा असेल तर दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्या. लघवी फिकट दिसली पाहिजे. मीठ कमी करा, लिंबूपाणी घ्या. दूध-दही बंद करू नका. आहारातले कॅल्शियम कमी केले तर ऑक्झलेट अधिक शोषले जाते आणि खडे वाढू शकतात. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. दुखण्याच्या गोळ्या मनाने वारंवार घेऊ नका, त्यांनी मूत्रपिंडाला इजा होते.

खडा कुठलाही असो, त्यासोबत थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, डोळे पिवळे झाले, किंवा पोटाच्या वरच्या भागात न थांबणारी कळ आणि उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पैशांची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

नालवाडीच्या त्या बाईंना आम्ही तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवले. तोंडातून दुर्बीण घालून नलिकेत अडकलेला खडा काढला गेला. कावीळ उतरल्यावर पित्ताशय काढले. महिनाभराने दोघे पुन्हा भेटायला आले. बाईंच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला होता. निघताना गृहस्थ दारात थांबून म्हणाले, "साहेब, आता मोहल्ल्यात कोणी इस्टोन म्हणलं, तर मी पहिले विचारतो, कुठचा?"