दीपगृहाचा अभियंता : फ्रेनेल

दीपगृह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच मनोरा येतो. परंतु रात्री खलाशाला मनोरा दिसत नाही. दिसतो तो दिवा. तेलाचा दिवा समुद्रात दूरवर दिसावा कसा, हा प्रश्न ज्याने सोडविला तो ऑग्यूस्तँ फ्रेनेल (१७८८–१८२७) फ्रान्समध्ये रस्ते बांधणारा सरकारी अभियंता होता.

१८१५ मध्ये नेपोलियन एल्बा बेटावरून परतला. त्याला विरोध केल्यामुळे फ्रेनेलची नोकरी सुटली. आईच्या गावी राहून तो सावल्यांच्या कडा अभ्यासू लागला. भिंग म्हणून त्याने मधाचा थेंब वापरला आणि मोजमापाचे उपकरण गावच्या कुलपे करणाऱ्याकडून बनवून घेतले. (साहित्य नाही म्हणून प्रयोग टाळणाऱ्यांनी हे वाचावेच!) प्रकाशाच्या तरंगसिद्धांतावरील या कामाला १८१९ मध्ये फ्रेंच अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी अरागो या शास्त्रज्ञाच्या शिफारशीने तो दीपगृह आयोगाच्या कामावर रुजू झाला.

तेव्हा दिव्यामागे धातूचे अंतर्गोल आरसे बसवीत. फ्रेनेलच्या अंदाजाने त्यांवर पडलेल्या प्रकाशापैकी जवळजवळ निम्मा वाया जाई. मग भिंग का वापरू नये? अडचण अशी की, दिव्याजवळ ठेवता येईल असे मोठे बहिर्गोल भिंग मध्यभागी फारच जाड होते. ते जड तर असतेच, शिवाय प्रकाशही शोषून घेते.

पण प्रकाशकिरण वळतो कोठे? काचेच्या पृष्ठभागावर. काचेच्या पोटातून तो सरळच जातो. म्हणजे पोटातली बरीचशी काच निरुपयोगी! ती काढून टाकून फक्त वक्र पृष्ठभाग ठेवला, की पायऱ्यापायऱ्यांचे, एकमध्य कड्यांचे पातळ भिंग तयार होते. बूफाँ यांना ही कल्पना आधी सुचली होती. मात्र त्यांचे भिंग एकसंध काचेतून घासून काढायचे होते, आणि ते फार कठीण. फ्रेनेलने सुटे तुकडे जोडून भिंग बनविले. यात आणखी एक लाभ होता. प्रत्येक कड्याची वक्रता वेगळी ठेवता येत असल्याने, साध्या गोलीय भिंगात कडेचे किरण भरकटतात तो दोषही कमी झाला.

जुलै १८२३ मध्ये जिरोंद नदीच्या मुखाशी असलेल्या कोर्दुआँ दीपगृहात हे भिंग प्रथम लागले. एकात एक गोल वाती असलेल्या दिव्याभोवती आठ भिंगे फिरत. एकेक भिंग समोरून जाई तसा जहाजावर एकेक झोत पडे. तो तीस किलोमीटरहून अधिक अंतरावरून दिसे.

१८२४ मध्ये क्षयाने जोर केला. फ्रेनेलने परीक्षकाचे काम सोडले, दीपगृहांचे मात्र सोडले नाही. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो वारला, आणि त्याचा भाऊ लेओनोर याने ते काम पुढे चालविले.

तुमच्या शाळेत जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर असल्यास त्याच्या काचेखालील सपाट पत्र्याकडे तिरपे पाहा. त्यावर बारीक एकमध्य रेघा दिसतील. तेही फ्रेनेलचेच भिंग.