नर की मादी, आणि कुठल्या वाणाची?

उंदराची पिल्लं 21 दिवसांची झाली की आईपासून तोडतात आणि त्याच वेळी नर-माद्या वेगळ्या करतात. खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या कर्करोग-संशोधन संस्थांच्या प्राणिगृहात हे काम सरावाच्या हातांचं. शेपूट बुडाशी धरून पिल्लू जाळीवर टेकवायचं. ते पुढच्या पायांनी तारा पकडतं, मागचं अंग वर येतं. गुदद्वार आणि जननेंद्रिय यांतलं अंतर नरात मादीच्या जवळपास दुप्पट असतं. शंका आली तर दोन पिल्लं शेजारी-शेजारी धरून बघायची. मग पिंजऱ्याच्या कार्डावर वाण, जन्मतारीख, लिंग.

सख्ख्या बहीण-भावांच्या जोड्या लावत किमान 20 पिढ्या गेल्या, की वाण शुद्ध मानतात. ही शिस्त आपल्याकडे जुनी आहे. परळला 1952मध्ये सुरू झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये संशोधक कमल रणदिवे उंदरांतल्या स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी, संप्रेरकांशी आणि विषाणूंशी असलेला संबंध शोधत होत्या. तिथल्या एका वाणाचं नावच ‘आयसीआरसी’. पुढे तीच संस्था ॲक्ट्रेक म्हणून खारघरला आली.

मेंदूच्या अभ्यासात वाणाला तर फारच महत्त्व. मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा तंतूंचा पट्टा, म्हणजे कॉर्पस कॅलोसम, बीटीबीआर वाणात नसतोच. पांढऱ्याशुभ्र बाल्ब-सीमध्ये काहींत तो पूर्ण असतो, काहींत आखूड, काहींत गायब; आणि हा फरक एकाच विणीतल्या, सारख्याच जनुकांच्या भावंडांतही सापडतो! मला यात सगळ्यात मोठा धडा दिसतो: चार-पाच उंदरांवरून मेंदूतल्या जोडण्यांबद्दल काही ठरवू नये.

माद्यांवर मात्र अन्याय झाला. त्यांचं ऋतुचक्र चार-पाच दिवसांचं, त्यामुळे आकडे विस्कळीत येतील, या समजुतीने मेंदूसंशोधक नरच घेत राहिले. 2009च्या शोधनिबंधांत केवळ नरांवरचे प्रयोग केवळ माद्यांवरच्या साडेपाच पट होते. 2014मध्ये 293 निबंधांतले आकडे एकत्र तपासले, तेव्हा माद्या नरांहून जास्त अस्थिर नसल्याचं दिसलं.

नर-मादीत फरक दिसला तरी तो संप्रेरकांचा की गुणसूत्रांचा, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी एसआरवाय हे वृषण घडवणारं जनुक वाय गुणसूत्रावरून काढून दुसऱ्या गुणसूत्रावर बसवलेले उंदीर आहेत. त्यांत एक्स-एक्स असून वृषणं आणि एक्स-वाय असून अंडाशय, अशीही पिल्लं जन्मतात. तिथे शेपूट उचलून निम्मंच उत्तर मिळतं. उरलेल्यासाठी कानाचा बारीकसा तुकडा पीसीआर या जनुक-तपासणीला पाठवावा लागतो.