एका दात्याचा फरक

ज्याने चाळीस वर्षे ज्वारी, तूर आणि हरभरा यांच्या पोत्यांखेरीज दुसरे काही हाताळले नाही, त्याने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहावा हे व्यापारी बंधूंस विचित्र वाटेल. संपादकांनी आम्हांस धान्यबाजारावर लिहिण्याची सूचना केली होती. परंतु त्या विषयावर आम्ही पूर्वी तीनदा लिहिले असून चौथ्यांदा सांगण्याजोगे आमच्यापाशी काही उरलेले नाही. उलटपक्षी २०२२ च्या पावसाळ्यात बेळगावी आमच्याच वखारीत जे घडले, त्यात हिशेबाचा एक धडा होता. तो येथे मांडतो.

आमचे थोरले बंधू, ज्यांना सारे घर अण्णा म्हणे, त्यांनी १९७९ साली अँबॅसडर गाडी घेतली. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घडविलेली ही गाडी उत्तरपाड्याच्या कारखान्यातून २०१४ पर्यंत निघत होती. अण्णांच्या गाडीतील १४८९ सी.सी.चे इंजिन मूळ इंग्लंडच्या बी.एम.सी. कंपनीचे. त्याच घराण्याचे इंजिन १९५५ साली निघालेल्या एम.जी.ए. या वेगवान गाडीत होते. त्यामुळे त्यासाठी अधिक जोर देणारे कॅमशाफ्ट आजही विलायतेत मिळतात. अण्णांच्या पश्चात आमच्या पुतण्याने स्वतःची शिल्लक मोडून असा एक कॅमशाफ्ट मागविला आणि रात्री वखारीत बॅटरीच्या उजेडात बसविला. परिणाम असा झाला की गाडी सुरूच होईना. झालीच तर कार्बोरेटरमधून शिंका देई आणि चढावर दम टाकी.

एका मेकॅनिकने तीन दिवस नुसता डिस्ट्रिब्यूटर फिरविला. एका बाजूस फिरवावा तर स्टार्टरला उलटा झटका बसे, दुसऱ्या बाजूस फिरवावा तर एक्झॉस्टचा नळ लाल होई. शेवटी 'असला कॅम असाच चालतो' असे सांगून तो मजुरी घेऊन गेला. आम्ही संतापलो. जुन्या गाड्या घेणाऱ्या एका गृहस्थाशी सौदा ठरविला आणि पाच हजार रुपये विसारही घेतला. पुतण्या म्हणाला, "काका, बाबांची गाडी आहे. आठ दिवस थांबा." आम्ही थांबलो, पण विसार घेतलेला व्यापारी काय मनाने थांबतो, हे वाचकांस सांगावयास नको.

कॅमशाफ्टचे काम आम्हांस समजले ते असे. वखारीस दोन दरवाजे असावेत, एक माल आत घेण्याचा, एक बाहेर काढण्याचा. ते कोणत्या क्षणी उघडावे आणि मिटावे हे ठरविणारा मुकादम म्हणजे कॅमशाफ्ट. क्रँकशाफ्ट दोन फेरे घेतो तेव्हा हा एक घेतो. जुना माल पुरता निघण्यापूर्वीच आवकीचा दरवाजा किंचित उघडतो आणि काही काळ दोन्ही उघडे राहतात. वेगवान कॅममध्ये दरवाजे अधिक वेळ उघडे असतात. आवक जोरात असली की त्याचा फायदा होतो. मंद असली की आलेला माल आल्या वाटेने परततो. म्हणून उभ्या गाडीचे इंजिन अशा कॅमवर थोडे अडखळणारच. मेकॅनिकचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे होते. परंतु वेग वाढविल्यावरही जोर येत नसेल, तर तो कॅमचा स्वभाव नव्हे, दोष आहे. ही दोन लक्षणे वेगळी न केल्यामुळेच सगळा घोळ झाला होता.

उद्यमबागेत ऑइल इंजिनांवर आयुष्य घालविलेले एक वृद्ध मिस्त्री पुतण्याने आणले. त्यांनी डिस्ट्रिब्यूटरला हातही लावला नाही. "सावकार, काटा सम नसताना तोलता काय तुम्ही?" एवढेच ते आम्हांस म्हणाले. क्रँकच्या पुलीवर त्यांनी अंशांची तबकडी लावली. मग पिस्टन नेमका माथ्यावर केव्हा येतो ते काढले. माथ्याशी पिस्टन काही अंश जवळजवळ स्थिर भासतो, म्हणून नजरेवर विसंबता येत नाही. प्लगच्या भोकातून अटकाव बसवून, क्रँक हाताने हळूहळू एका दिशेने अटकेपर्यंत फिरविला आणि आकडा टिपला. उलट दिशेने फिरवून दुसरा टिपला. दोहोंचा मध्य म्हणजे खरा माथा. इनलेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडण्याचा क्षणही डायल गेज लावून याच रीतीने, वरच्या टोकाच्या अलीकडचे आणि पलीकडचे सारख्या उंचीचे दोन आकडे घेऊन काढला.

कॅमसोबत आलेल्या कागदावर तो क्षण माथ्यानंतर १०८ अंशांवर हवा असे छापले होते. मोजणीत १३१ आला. तूट २३ अंशांची!

येथे आमचे डोके चालू लागले, कारण ताळा जमत नसला की आम्हांस झोप येत नाही. कॅमच्या चक्राचे दाते चाळीस. एक दाता म्हणजे कॅमचे ९ अंश, आणि क्रँक दुप्पट फिरत असल्याने क्रँकचे १८. पुढचे आवरण उघडले तेव्हा दोन्ही चक्रांवरील खुणेचे ठिपके समोरासमोर नव्हते. साखळी एका दात्याने मागे बसली होती. पुतण्याची मान खाली गेली. काही इंजिनांत अशी चूक याहून मोठी असली तर स्टार्टर मारताच व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकू शकतात.

साखळी नीट बसविल्यावर मोजणी ११३ वर आली. उरलेले ५ अंश कोणाच्याही हातचे नव्हते. चक्र, चावीची खाच आणि कॅम यांच्या घडणीतले बारीक फरक एकत्र झाले म्हणजे एवढी तूट येते. तराजूला आपण पासंग लावतो, तसा याला उपाय आहे. चक्र शाफ्टवर ज्या चावीने बसते ती चावी किंचित सरकती करावयाची, कॅमवर अडीच अंश म्हणजे क्रँकवर पाच. विलायतेत अशा चाव्या तयार मिळतात. मिस्त्रींनी पोलादाचा तुकडा कानसून घरीच केली. पहिल्यांदा ती उलटी बसली आणि आकडा ११८ झाला! आम्ही मोठ्याने हसलो. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच. पालटून बसविली तेव्हा १०८.

मग ठिणगीची पाळी आली. पिस्टन प्रत्येक चक्रात दोनदा माथ्यावर येतो, आणि त्यांतला एकच माथा ठिणगीचा. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलत असतील तेव्हा पहिल्याचा तो माथा समजावा. त्याप्रमाणे रोटर पहिल्या तारेसमोर आणला, तारा १-३-४-२ या क्रमाने तपासल्या, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून कोठे अडत नाही हे पाहिले, आणि मगच स्टार्टर मारला. दिव्याने वेळ पाहून ठिणगी पूर्वीपेक्षा थोडी अगोदर ठेवली. मात्र वेग वाढल्यावर ठोका येणार नाही इतपतच.

वंटमुरीचा घाट गाडीने तिसऱ्या गिअरवर काढला. मागच्या आसनावर आमच्या वहिनी होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. उतरताना तेवढा दरवाजा दोनदा उघडून मिटला.

मिस्त्रींनी मजुरी म्हणून मेकॅनिकने नेली त्याहून कमी मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच गाडीतून विसार परत करावयास गेलो. सौदा मोडणाराने दुप्पट द्यावे या रीतीप्रमाणे दहा हजार मोजून नेले होते. आयुष्यात मोडलेला आमचा तो पहिलाच सौदा. त्या गृहस्थांनी पाच हजार उचलले, पाच परत सारले, आणि बॉनेट उघडा म्हणाले.