शीडनौकेच्या तळाचे रंगकाम : सुसंगत रंगाची निवड व वापर

प्रस्तावना :
पूर्णा नदी परभणी जिल्ह्यात गोदावरीस मिळते. अशा गोड्या पाण्यातील होडीच्या तळावर प्रामुख्याने शेवाळ साचते. समुद्रात मात्र बार्नॅकलसारखे कवचधारी जीव तळास घट्ट चिकटतात. तळ खडबडीत होऊन पाण्याचा विरोध वाढतो. यांत्रिक नौका अधिक इंधन जाळून ही हानी भरून काढते. केवळ वाऱ्यावर चालणाऱ्या शीडनौकेस तो पर्याय नसतो. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार बंदरांत थांबून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. अशा अनेक महिन्यांच्या प्रवासात तळाचा रंग हा सजावटीचा नव्हे, तर वेगाचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न असतो. प्रस्तुत लेखात या रंगाच्या निवडीचे व वापराचे विवेचन केले आहे.

रंगांचे प्रकार :
जीवरोधक रंगांत बहुधा तांब्याची संयुगे असतात. त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. कठीण रंगाचा थर टिकून राहतो व त्यातील विषद्रव्य हळूहळू पाण्यात उतरते. झिजणाऱ्या रंगाचा पृष्ठभागच क्रमाक्रमाने निघून जातो व नवा सक्रिय थर उघडा पडतो. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवल्या जाणाऱ्या नौकेच्या बाबतीत हा भेद महत्त्वाचा ठरतो. कठीण रंग दीर्घकाळ कोरडा राहिल्यास त्याची परिणामकारकता घटते; उलट मऊ रंग वाळूवरून ओढताना खरवडला जातो.

सुसंगतीचे नियम :
रंगकाम फसण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे नव्या व जुन्या थरांचा न जुळलेला सांधा. नीट घासलेल्या कठीण रंगावर झिजणारा रंग सहसा चालतो. झिजणाऱ्या रंगावर कठीण रंग मात्र देऊ नये, कारण खालचा मऊ थर सुटला की वरचा थरही पापुद्र्यांनी निघतो. विनाइल रंगातील तीव्र द्रावक जुना थर विरघळवू शकतो. जुना रंग ओल्या फडक्याने घासल्यावर भरपूर निघत असेल, तर तो बहुधा झिजणारा असतो. रंगाचा प्रकार अज्ञात असल्यास जोडथराचे प्रायमर द्यावे किंवा जुना रंग पूर्ण काढावा. अॅल्युमिनियमच्या तळावर क्युप्रस ऑक्साइडयुक्त रंग वर्ज्य आहे. दोन धातूंच्या विद्युत्-रासायनिक क्रियेने तळ गंजतो.

रंगकामाची पद्धत :
प्रथम तळ गोड्या पाण्याने धुऊन क्षार व तेलकटपणा काढावा. त्यानंतर पृष्ठभाग ओला ठेवून पॉलिश पेपरने घासावा. कोरड्या घासकामात उडणारी धूळ विषारी असते, म्हणून मुखपट्टी व हातमोजे आवश्यक आहेत. उघड्या फायबरग्लासवर आधी इपॉक्सी प्रायमर द्यावे. तळाशी बसणारे तांबे सतत ढवळत राहून रोलरने किमान दोन हात द्यावेत. पाण्याची रेषा, सुकाणू व तळकण्याची पुढची कड येथे झीज अधिक होत असल्याने आणखी एक हात द्यावा. गंजरोधक जस्ताचे तुकडे रंगवू नयेत. रंगविल्यास ते निरुपयोगी ठरतात. दोन हातांमधील आणि नौका पाण्यात सोडण्यापूर्वीचा अवधी उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे पाळावा.

पर्यावरणीय बाजू :
ट्रायब्युटिल टिनयुक्त रंग अत्यंत प्रभावी होते. परंतु त्यांच्यामुळे कालवांची कवचे विकृत झाल्याचे आढळल्याने फ्रान्सने १९८२ मध्ये लहान नौकांवर त्यांचा वापर रोखला. आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये स्वीकारला गेला व २००८ मध्ये अमलात आला. तांबेही निरुपद्रवी नाही. म्हणून घासकामाचा गाळ खाडीत न सोडता गोळा करून त्याची विल्हेवाट लावणे हे रंगकामाचेच अंग होय.

निष्कर्ष :
सर्वांत महाग रंग तोच सर्वोत्तम, असे नाही. तळाचे द्रव्य, आधीचा थर आणि नौका पाण्यात राहण्याचा काळ, या तिन्हींशी जुळणारा रंगच टिकतो. प्रत्येक रंगकामाची तारीख व रंगाचा प्रकार यांची नोंद ठेवल्यास पुढील निवड अनुमानावर सोडावी लागत नाही.