नर्सबाईंना खरे सांगा, पण चारचौघांत नको

कपाशीवर फवारणी सुरू झाली की विषबाधेचे रोगी दवाखान्यात येऊ लागतात. २०१७ साली पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, शेकडो आजारी पडले.

रोगी आला की नर्सबाई विचारतात : औषध कोणते? किती वाजता? अंगावर उडाले की पोटात गेले? उपचार या उत्तरांवर ठरतो. अंगावर उडाले असेल तर कपडे काढून अंग साबणाने धुतात. पोटात गेले असेल तर उपाय निराळा. पण हाच प्रश्न भरल्या वॉर्डात, गावकऱ्यांसमोर विचारला, तर रागाच्या भरात विष प्यालेला माणूसही ‘फवारताना लागले’ म्हणतो. ही लाज जिवावर बेतते.

आपल्या भागात भाषेचीही अडचण आहे. रोगी मराठी किंवा गोंडी बोलणारा, नर्सबाई तेलुगू बोलणाऱ्या. मग मुलगा किंवा शेजारी दुभाषी होतो. अंगावरून जाण्याची तक्रार आईने मुलाच्या तोंडून कशी सांगावी?

यासाठी वेगळी खोलीच हवी असे नाही.

१) पडद्यातून आवाज जातो. म्हणून नर्सबाईंनी खाटेजवळ बसून हळू विचारावे.

२) नातेवाइकांना केसपेपर काढायला पाठवून नाजूक प्रश्न तेव्हा विचारावेत.

३) ज्याचे उत्तर मानेने देता येईल असा प्रश्न करावा. औषधाची रिकामी बाटली सोबत न्यावी, म्हणजे नाव सांगावे लागत नाही.

४) दुभाषी दवाखान्यातलाच असावा, बाईसाठी बाई असावी.

५) क्षय, एच.आय.व्ही. असे शब्द दुरून ओरडू नयेत.

जीव धोक्यात असेल तर मात्र पडद्यासाठी थांबू नये.

ही गुप्तता म्हणजे उपकार नव्हे. २०१९ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांकडे पाठविलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत ती हक्क म्हणून नमूद आहे. एच.आय.व्ही.बाबत २०१७ चा स्वतंत्र कायदाही आहे. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे, जीव देऊ पाहणारा माणूस मोठ्या ताणाखाली होता असेच धरले जाते. तेव्हा शिक्षेच्या भीतीनेही खरे लपवू नये.

‘बाई, जरा बाजूला सांगतो’ एवढे म्हणायला संकोच नको. आणि दुसऱ्याची विचारपूस चालली असता आपणही चार पावले मागे सरावे.